धुळा बुटक्याची कौटुंबिक माहिती

“बाबा, तुम्ही बुटका व्हाल का?” आमच्या संयोगितानं फोनवर विचारलं.

मी पाच फूट दोन इंच उंचीचा, एकोणसाठ वर्षांचा, तहसील कार्यालयातून निवृत्त झालेला अव्वल कारकून आहे. याहून बुटकं होण्याची मला काही निकड वाटत नव्हती. पण मुलगी बंगळुरात नोकरी करते, आठवड्यातून एकदा फोन करते, आणि त्या फोनवर तिनं ‘जेवलात का’च्या पलीकडचा हा पहिलाच प्रश्न विचारला होता. म्हणून मी “सविस्तर सांग” म्हणालो.

सविस्तर ते असं. दर रविवारी दुपारी चार वाजता संयोगिता आणि तिचे चार मित्रमैत्रिणी आपापल्या संगणकासमोर बसून एक खेळ खेळतात. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्तेही नाहीत. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, कुणी जादूगार, कुणी लांब कानांचा तिरंदाज, आणि मिळून जंगलं तुडवायची, राक्षस मारायचे. राक्षस मेला की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. त्यांच्यातला बुटका नोकरीसाठी परदेशी गेला होता. “पद रिक्त आहे बाबा,” संयोगिता म्हणाली. माझ्या कानाला कुठला शब्द गोड लागतो हे तिला बरोबर ठाऊक आहे.

मी होकार दिला याचं कारण राक्षस नव्हेत. माया, म्हणजे माझी बायको, होती तोवर फोनवर तीच बोलायची. तास-तासभर. मी मागून “बरी आहे ना ती?” एवढं विचारायचो आणि माया माझ्या वतीनं “बाबा विचारतायत” म्हणून कळवायची. तीन वर्षांपूर्वी माया गेली. तेव्हापासून आम्ही बापलेक फोन कानाला लावून एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. बरं मग, ठेवतो. आता दर रविवारी तीन तास लेकीच्या शेजारी बसायला मिळणार असेल, तर बुटकाच काय, मी राक्षससुद्धा व्हायला तयार होतो.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आला. फॉर्म पाहिल्यावर मला जे बरं वाटलं ते एकतीस वर्षं शासकीय सेवा केलेल्यालाच कळेल. नाव, वंश, वय, शस्त्र असे रकाने होते. नावापुढं मी आमच्या आजोबांचं नाव घातलं : धुळा. वंश : बुटका. वय १४७ वर्षे, कारण बुटके चारशे वर्षं जगतात असं संयोगितानं सांगितलं. उंची : चार फूट. शस्त्र : कुऱ्हाड. व्यवसायापुढं मी ‘मेंढपाळ’ लिहिलं. आमचं मूळ गाव वडूजच्या बाजूचं, धनगराचं घर, सात पिढ्या मेंढरांमागं गेलेल्या. दुसरा कुठला व्यवसाय मला इतक्या खात्रीनं लिहिता आला नसता.

शेवटचा रकाना होता : कौटुंबिक पार्श्वभूमी, दोन पाने.

मी लिहिलं, ‘सदर बुटक्यास आई, वडील व घर असून कुटुंब सुखी आहे. कोणाशी वाद नाही. कुटुंबावर कोणताही बोजा नाही.’ अक्षर वळणदार. कागदाचा फोटो काढून पाठवला.

खेळ चालवणारा जो मुख्य असतो त्याला गेम मास्टर म्हणतात. यांचा गेम मास्टर यशराज नावाचा, संयोगिताच्याच कंपनीतला. अर्ध्या तासात त्याचं उत्तर आलं : ‘काका, मस्त! पण यात दुःख नाही. सुखी माणूस घर सोडून राक्षस मारायला का जाईल? पुन्हा लिहाल का? आणि टाईप करून पाठवा प्लीज.’

थोडक्यात, माझा अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत आला होता. एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत पाठवले. स्वाक्षरी रकान्याबाहेर गेली, परत. गट नंबर खोडला, परत. लोक माझ्या टेबलासमोर उभं राहून “आता आणि काय राहिलं, साहेब?” असं ज्या चेहऱ्यानं विचारायचे, तो चेहरा त्या दिवशी मी आमच्या आरशात पाहिला.

दुःख कुठून आणावं हे विचारायला मी शेजारी सुभेदार सयाजीरावांकडं गेलो. सुभेदार कऱ्हाडकडचे, ऊसवाल्या घरातले. सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढून आमच्या कॉलनीत स्थायिक झालेले. त्यांना कुठलाही प्रश्न विचारा, उत्तरात एक लढाई असते.

“बाप शहीद दाखवा,” सुभेदार लगेच म्हणाले. “विषय संपला. रेजिमेंट कुठली बुटक्याची?”

“रेजिमेंट नाही. मेंढपाळ आहे.”

“आवं, मेंढपाळ आसला म्हणून काय झालं? भरती व्हायला मेंढरं आडवी येत्यात व्हय? उंची कमी पडंल जरा. मग स्वयंपाकी घ्या. कुक बी मरत्यात लढाईत.”

त्यांच्या पत्नी शालूबाई आतून कांदा चिरता चिरता ऐकत होत्या. “आन आई?” त्या बाहेर आल्या. “आईचं काय लिवलंय? बाप गेल्यावर तिनं कसं दिस काढलं त्ये लिवा की. आन बहीण दाखवा एक, लग्नाची. दुःख म्हंजी दुसरं काय आसतंय?”

मी सगळं टिपून घेतलं. दोन पानं झाली. धुळाचा बाप खिंडीत लढताना पडला, आईनं एकशे दहा वर्षं कष्ट केले, बहिणीचं लग्न राहिलं. ही पानं घेऊन मी जुन्या कचेरीसमोरच्या जयराजकडं गेलो. जयराज टायपिंग करतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, आणि हल्ली मुख्यतः लग्नाचे बायोडाटा. समाजाच्या वधू-वर सूचक व्हॉट्सॲप ग्रुपचा तो ॲडमिन आहे. माझ्या कागदावरची नाव, वय, व्यवसाय, वडील, आई, बहीण ही क्रमवारी त्यानं पाहिली आणि त्याचे हात आपोआप कामाला लागले. मी तोवर बाहेर चहा घेत होतो. चहा घेणं ही माझी पहिली चूक. दुसरी, टाईप केलेली फाईल न उघडता यशराजला पुढं पाठवणं.

शनिवारी सकाळी दहा वाजता दारावर टकटक झाली. डोक्याला टोपी, हातात केळ्यांची फणी, असे एक गृहस्थ उभे होते. “मी आप्पासो. वडूजवरनं आलूय. धुळाजींचं घर हेच न्हवं?”

आजोबांना जाऊन पन्नास वर्षं झाली होती. “धुळाजी... कुठले?”

“ग्रुपवर बायोडाटा आलाय की.” त्यांनी मोबाईल पुढं केला.

वर ‘श्री बिरोबा प्रसन्न’. खाली चिरंजीव धुळा. वय १४७ मधला एक जयराजनं टंकनदोष समजून काढून टाकला होता, उरले सत्तेचाळीस. उंचीचे चार फूट त्याला पटले नसावेत, त्याचे पाच फूट चार इंच झाले होते. व्यवसाय : पशुपालन (स्वतःचा). वडील : शहीद. खाली संपर्कासाठी माझा नंबर आणि पत्ता.

“आमची धाकटी बहीण हाय,” आप्पासो खुर्चीवर टेकत म्हणाले. “मालक अपघातात गेलं तिचं. शिवणक्लास चालवती. जोडीदार मेंढरंवाला आसला तरी चालंल म्हनली. आमच्याच वाटंवरचा मानूस हाय. मुलगा कुठंय?”

“आप्पासो, तो मुलगा खरा नाही.”

“खरा न्हाई म्हंजी? लबाड हाय?”

“लबाड नाही. तो अस्तित्वात नाही.”

“आरारारा!” आप्पासोंनी टोपी काढली. “कवा वारलं?”

मी त्यांना खेळ समजावला. बुटके, फासे, राक्षस. ते शांतपणे ऐकत होते. मी बोलायचा थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं, “आन त्यो मेलेला बाप, ती कष्टाळू आई, समदं खोटं?”

“खोटं म्हणजे... कल्पित.”

“बहिणीला वाचून दावलं व्हतं मी,” ते खाली बघत म्हणाले. “त्या आईचं वाचून रडली ती. म्हनली, ह्या घरात मला समजून घेतील.”

केळी परत न्यायला त्यांनी नकार दिला. ते गेल्यावर मी जयराजला फोन करून बायोडाटा काढायला लावला. जयराजनं तो काढला. मात्र चौकशीला उत्तरं देता यावीत म्हणून त्यानं मला त्याच ग्रुपमध्ये घेतलेलं होतं, तो मी तसाच राहिलो. आप्पासोंच्या बहिणीला मी कधी पाहिलं नाही, पण शिवणयंत्रावर बसून माझ्या खोट्या बाईसाठी रडलेली ती बाई माझ्या डोक्यातून दोन दिवस जाईना.

त्यातच यशराजचा दुसरा शेरा आला : ‘काका, खूप छान, पण वडील लढाईत वारले हे सगळेच लिहितात. आमच्या सगळ्या पात्रांचे वडील लढाईतच वारलेत.’ (संयोगितानंही मला मारलेलं होतं, हे मला असं कळलं.) ‘तुमच्या बुटक्याचं एखादं गुपित लिहा. त्यानं कुणालाच न सांगितलेलं. ते फक्त मी वाचेन. बाकीच्या खेळाडूंना कळत नाही. संयोगितालासुद्धा नाही.’

हा मजकूर मी गॅलरीत उन्हाला बसून वाचला. सकाळची वेळ, समोर कॉलनीचं फाटक, फाटकापलीकडं आता जिथं दवाखाना झालाय ती जागा. एकोणीस वर्षांपूर्वी तिथं मोकळं रान होतं.

मी वही घेतली नाही, फोनवरच बोटानं लिहायला लागलो. एकतीस वर्षांत इतक्या वेगानं मी काहीच लिहिलं नव्हतं.

लिहिलं ते बुटक्याचं होतं. धुळा बुटक्याला एक थोरला भाऊ होता, अर्जुना. घरात एकाला मेंढरांमागं जावंच लागतं. अर्जुना गेला, म्हणून धुळा शाळेत गेला. शिकून धुळा दगडी नगरीत कारकून झाला, नव्या घरात राहायला आला. त्याच वर्षी माघात अर्जुना कळप घेऊन त्या वाटेनं चालला होता. सोबत बायको, कुत्री आणि एक डोळा निळा असलेली घोडी. भावाचं घर जवळ आहे म्हणून त्यानं मुद्दाम नगरीच्या फाटकासमोरच्या रानात तळ टाकला. सांजवेळी घोंगडी खांद्यावर टाकून, पुतणीसाठी चरवीभर दूध घेऊन तो फाटकाकडं आला. फाटकात धुळा एका पहारेकऱ्याशी बोलत उभा होता. पहारेकऱ्यानं विचारलं, “कोण ही माणसं? ओळखीची आहेत?” धुळा म्हणाला, “छे. असतील कुणी मेंढरंवाले.”

अर्जुना तेव्हा सहा पावलांवर होता. त्यानं ऐकलं. तो थांबला नाही, की धुळाकडं पाहिलंही नाही. परका माणूस बोलतो तसा पहारेकऱ्याला म्हणाला, “मालक, नळाचं पानी घिऊ का वाईच?” पाणी घ्यायला त्याच्याकडं दुसरं भांडं नव्हतं. त्यानं दूध कडेच्या झाडाखाली ओतलं, चरवी विसळली, पाण्यानं भरली आणि गेला. सकाळी रानात तीन दगडांची चूल आणि लेंड्या उरल्या होत्या. धुळानं नंतर एकोणीस वर्षं भावाला निरोप केला नाही. आधी लाजेनं. मग इतके दिवस का केला नाही, याच्या लाजेनं.

एवढं लिहून मी नावांच्या यादीत ‘राज’ शोधलं आणि दाबलं.

यशराज आणि जयराज यांच्यात फरक अडीच अक्षरांचाही नाही. माझा चष्मा तोवर कपाळावर गेला होता. जयराज तत्पर माणूस. त्यानं ‘अर्जदाराची सुधारित कौटुंबिक माहिती’ असं शीर्षक देऊन मजकूर समाजाच्या ग्रुपवर टाकला. मला कळलं तोवर चारशे अकरा माणसांनी तो वाचला होता, आणि कुणीतरी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मी काढायला सांगितलं, जयराजनं माफी मागून काढलं. पण मोबाईलवरून काढलेलं माणसांच्या डोळ्यांतून कुठं निघतं?

शुक्रवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“भावजी, मी सुलाबाई.”

वहिनीचा आवाज एकोणीस वर्षांनीही तसाच होता, वाऱ्यात हाक मारून मारून जरा चिरलेला. मला खुर्ची सापडेना.

“त्ये तुमीच लिवलंय न्हवं?” ती म्हणाली. “आमच्या लेकीच्या, राणीच्या मोबाईलवर आलं. घोडीचा डोळा निळा म्हणल्यावर तिनं वळखलं. तिनं वाचून दावलं ह्यास्नी.”

“दादा काय म्हणाला?”

“काय न्हाई. ऐकलं. मग म्हनलं, परत वाच.”

“आणि मग?”

“मग मेंढरं पाजायला गेलं.”

मी खुर्ची ओढून बसलो. मग वहिनीच म्हणाली, “आईतवारी दुपारची जेवनं झाली की निघायचं हाय आमाला. कळप हालवायचाय. यायचं आसंल तर त्येच्या आदी या. न्हायतर पुना आमचा ठाव लागत न्हाई, म्हायती हाय तुमास्नी.”

दादा लग्नानंतर सासुरवाडीच्या बाजूला, कवठे महांकाळजवळ जाऊन राहिला होता. आमच्या साताऱ्याहून रविवारी दुपारच्या आत पोचायचं तर पहाटेची बस धरून सांगलीला बदलावी लागणार होती. मी बसचं वेळापत्रक विचारायला सुभेदारांकडं गेलो आणि त्यांच्या ओसरीवर बसून, का कोण जाणे, सगळंच सांगून टाकलं. फाटक, दूध, पाणी. आणि तो पहारेकरी म्हणजे तेच, हेही.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हंजी मी इचारलं, ही मानसं वळखीची हायत का, म्हणून तुमी...”

“हो.”

“आवं, पर मी का इचारलं ठाव हाय का? मला लेंडीखत पायजे व्हतं! बागंला! म्हनलं वळखीचं आसलं तर दोन पोती टाकून जातील.” ते उठून उभे राहिले. “शालू, ऐकतीस न्हवं? ह्या मानसानं माझ्या लेंडीखतापायी भाऊ टाकला!”

शालूबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. “आपुन कोन मोठं लागून गेलो वो, अमृतभावजी?” त्या हळू म्हणाल्या. “आमच्या घरात तवा हंडाभर ताक व्हतं. नेऊन दिलं आसतं की मी त्यास्नी.”

एकोणीस वर्षं मी ज्या माणसाच्या नजरेला भ्यालो, त्याची नजर लेंड्यांवर होती. अपमान करून घ्यायलासुद्धा मी सरकारी पद्धतीनं, मागणी नसताना, आगाऊ अर्ज केला होता. मला हसू आलं, आणि ते जेमतेम ओठांपर्यंत येऊन तिथंच अडकलं.

“बस न्हाई धरायची,” सुभेदारांनी हुकूम सोडला. “गाडी काढतो. सहा वाजता फॉल इन.”

रविवारी आम्ही निघालो. शालूबाईंनी डबा दिला. मायाच्या कपाटातली एक कोरी साडी मी वहिनीसाठी घेतली. माया दर दिवाळीला म्हणायची, “भाऊजींना एक फोन करा. मी लावून देऊ का?” दर दिवाळीला मी “बघू” म्हणायचो. आता गाडीत ती साडी मांडीवर घेऊन बसताना मला वाटत होतं, ती मागच्या सीटवर असती तर दादासमोर पहिलं वाक्य तिनंच बोलून दिलं असतं. माझी सगळी अवघड वाक्यं तीच बोलायची.

साडेअकराला आम्ही पोचलो. वहिनीनं सांगितलेल्या पडीक रानात कळप बसला होता, मेंढरं कोंडायच्या वाघरीचं जाळं गुंडाळायचं काम चाललं होतं. घोडीवर बिऱ्हाड लादलेलं, वर टोपलीत कोंबड्या. घोडी दुसरी होती. वहिनीनं मला पाहिलं आणि पदरानं तोंड पुसत कळपाकडं हाक दिली, “आवं, आल्यात!”

दादा वाकून एका मेंढीचं खूर बघत होता. सरळ झाला तेव्हा मला दिसलं की तो आता पुरता सरळ होत नाही. मिशा पांढऱ्या. मी वाटेत तीन वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना. साताऱ्यातली कचेरीची भाषासुद्धा आठवेना.

“दादा, मी आलूय,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पायापासून वर, जनावर बघतात तसं. “गुडघं दुकत्यात व्हय रं?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“आबांचंबी दुकायचं.” त्यानं खाली वाकून रात्रीच जन्मलेलं कोकरू उचललं आणि माझ्या हातात दिलं. “धर. चालत न्हाई त्ये अजून.”

एवढंच. मी मिठी मारणार होतो, पण मध्ये कोकरू आलं.

आम्ही जेवलो. शालूबाईंचा डबा, वहिनीच्या भाकरी. आणि मग कुणी काही न ठरवता मी कळपामागं चालायला लागलो. मला कुणी चल म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. सुभेदार डिकीत लेंडीखताची दोन पोती भरून, मागचे दिवे लुकलुकत ठेवून, ताशी तीन किलोमीटरनं कळपामागून येत होते. मध्येच काच खाली करून ओरडत, “कॉन्व्हॉय ओक्के!” दादा मला काही विचारत नव्हता. माया गेली ते त्याला ठाऊक होतं. “लय उशिरा कळलं,” एवढं म्हणाला आणि पुढच्या मेंढराला काठी लावली. मी दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा त्यानं मुद्दाम लांबच्या मेंढीला हाळी दिली. त्याला ते ऐकायचं नव्हतं, आणि मला दुसरं काही सांगायचं नव्हतं. असे आम्ही कोस-दीड कोस गेलो.

चार वाजता फोन वाजला. रविवार आहे, खेळ आहे, हे मी साफ विसरलो होतो. पडद्यावर संयोगिता आणि तिच्याभोवती चार चौकोनांत चार चेहरे.

“बाबा, सगळे थांबलेत! तुमचा पहिला दिवस ना!”

“काका,” यशराज म्हणाला, “तुमचं गुपित अजून आलंच नाही मला.”

ते महाराष्ट्रातल्या चारशे अकरा माणसांना पोचलं होतं, फक्त त्यालाच नव्हतं.

“बाबा, मागे काय आहे ते?” संयोगितानं पडद्याजवळ तोंड आणलं. “मेंढरं? कुणाची?”

“आपली,” मी म्हणालो.

ती काही बोलायच्या आत दादा माझ्या खांद्यावरून डोकावला. फोनमध्ये त्याची अर्धी मिशी आणि एक डोळा मावला असेल. तरी तिनं विचारलं, “अर्जुनाकाका? आईच्या जुन्या फोटोतले?”

“व्हय गं बाय,” दादा म्हणाला. त्याचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. “केवढी झालीस!”

“काका, तुम्ही इतकी वर्षं होता कुठं? आलात का नाही कधी?”

मी फोन धरून उभा राहिलो. कोकरू दुसऱ्या हातात होतं. मेंढरं दोन्ही बाजूंनी पुढं सरकत होती.

“आलो व्हतो की,” दादा म्हणाला. “तू एवढीशी व्हतीस. तुमच्या दारापातूर आलो व्हतो, तुला दूध घिऊन. पर आभाळ आलं भरून. मेंढरं भिजली तर आजारी पडत्यात पोरी, म्हून तसंच निघालो. बापाला तुझ्या सांगायचंबी ऱ्हायलं. माझीच चूक.”

“अरे बापरे,” संयोगिता म्हणाली. “पावसामुळं एवढं?”

दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. वडूजच्या शाळेत घालायला मला खांद्यावरून नेलं, तेव्हाही वाटेतल्या काट्यांचं त्यानं मला असंच काही कळू दिलं नव्हतं. आता मी गप्प राहिलो असतो तर विषय तिथंच मिटला असता. लेकीच्या नजरेत मी आहे तसा राहिलो असतो, भाऊ मिळाला असता, आणि रविवारचा खेळ सुरू झाला असता.

माघ होता तो. आभाळ धुतल्यासारखं होतं. चांदण्या मोजता येत होत्या.

“दादा, पाऊस नव्हता,” मी म्हणालो.

“आसू दे रं.”

“नव्हता पाऊस. संयोगिता, ऐक. तुझ्या मित्रांनाही ऐकू दे. पाऊस नव्हता.”

आणि मी तिला फाटकापासून सांगायला लागलो. वाक्यं माझी मलाच जुळवावी लागत होती, दर दोन वाक्यांना अडत होतो.

दादानं माझ्या हातातून कोकरू घेतलं आणि झपझप पुढं निघून गेला, कळपाच्याही पुढं, जिथून माझं बोलणं ऐकू येणार नाही इतका लांब. तिथं जाऊन तो रस्त्याच्या कडेला माझ्याकडं पाठ करून उभा राहिला, आणि माझं सांगून होईपर्यंत थांबला.